फळ्यावरचा डिसेंबर

शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी एक लहान फळा टांगलेला असे आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम एकोणीस वर्षे माझ्याकडे होते. प्रार्थनेच्या घंटेआधी ओल्या फडक्याने कालची तारीख पुसायची, आजची घालायची, तिच्याखाली एक जयंती व एक पुण्यतिथी लिहायची आणि जागा उरली तर एखादा सुविचार उतरवायचा, एवढेच ते काम. सुविचाराकडे मुले ढुंकूनही पाहत नसत. पुण्यतिथीकडे मात्र हमखास पाहत, कारण गेलेला माणूस पुरेसा मोठा असेल तर आज शाळा लवकर सुटेल का, याचा अंदाज त्यांना तेवढ्यावरून बांधता येई.

निवृत्त झाल्यावर फळा सुटला. वही तेवढी माझ्याजवळ राहिली. हिशेबाच्या जुन्या लांबट वहीत मी महिन्यांप्रमाणे पाने पाडली होती. त्या बारा महिन्यांत सर्वांत जास्त खोडाखोड डिसेंबरच्या पानांवर आहे. पहिली खोडाखोड ३ तारखेची. त्या सकाळी मी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी जयंती’ असे लिहून मोकळा झालो होतो. आमचे शिपाई आप्पा पिण्याच्या पाण्याचा माठ भरता भरता थांबले, त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि आजूबाजूच्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, “सर, बहिणाई आज गेली व्हती, जलमली नव्हती.” आप्पांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण त्यांची सासरवाडी आसोद्याची, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरची. मी ‘जयंती’ हा शब्द बोटानेच पुसला आणि त्या जागी ‘पुण्यतिथी’ असे लिहिले. बोटाने पुसलेला तो पांढरट डाग दुपारच्या सुटीपर्यंत तसाच दिसत होता. माठावर झाकण ठेवता ठेवता आप्पांनी आणखी एक वाक्य जोडले: “आपल्या जयगावातच गेली ना ती.” जयगाव म्हणजे आमचे जळगाव.

या दुसऱ्या वाक्याने माझ्या वहीत तिसरा रकाना आला. तोवर नाव आणि साल एवढेच मी लिहीत असे. त्या दिवसापासून माणूस कोठे गेला, तेही लिहू लागलो. वर्तमानपत्रातला दिनविशेष हे सहसा सांगत नाही आणि सकाळी मोबाईलवर येणारे संदेश तर नावसुद्धा नीट लिहीत नाहीत. मृत्यूच्या जागेला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारले तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. जन्म कोठे व्हावा, हे कोणाच्याच हातात नसते. पण पुष्कळांच्या बाबतीत शेवटचा मुक्काम कोठे पडला, यात त्यांच्या आयुष्यातली भांडणे, हट्ट, नाती आणि थकवा यांचा हिशेब लागतो.

बहिणाबाईंचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरी त्या जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी वाड्यात सून म्हणून आल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावातच गेल्या. माहेर आणि सासर यांच्यात बैलगाडीने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे एवढेच अंतर, आणि त्या अंतराच्या आत एकाहत्तर वर्षांचे आयुष्य. लिहिता-वाचता येत नसलेली ही बाई जात्यावर, चुलीपुढे, शेतात निंदणी करताना जे रचत होती, ते तिचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी जमेल तसे कागदावर उतरवले. सोपानदेव स्वतः नाव मिळवलेले कवी होते. तरी आईच्या गाण्यांची वही त्यांनी आचार्य अत्र्यांपुढे नेली ती आई गेल्यानंतर. अत्र्यांनी त्या गाण्यांचे मोल ओळखले आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तक निघाले. म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी हे नाव महाराष्ट्राला कळले, तेव्हा ते नाव धारण करणारी बाई या जगात नव्हती. साहित्याच्या इतिहासात बहुतेकांच्या पुण्यतिथीने काहीतरी संपते. येथे मात्र त्या तारखेनंतर सगळे सुरू झाले आहे. आता जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे आणि वर्गाची पायरी कधी न चढलेल्या बाईच्या नावाने पदव्यांचे कागद निघतात. जगणे आणि मरणे यांच्यामध्ये एका श्वासाचेच अंतर आहे, असे त्यांनी एका गाण्यात सांगून ठेवले आहे. त्यांच्या बाबतीत मात्र निनावीपणा आणि कीर्ती यांच्यात तेवढेच अंतर राहिले, ही गोष्ट मला दर ३ डिसेंबरला नव्याने खटकते.

६ डिसेंबरला फळ्यावर काय लिहायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. फक्त ‘पुण्यतिथी’ हा शब्द तेथे चालत नाही, ‘महापरिनिर्वाण दिन’ असेच लिहायचे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ साली दिल्लीत गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार मुंबईत, दादरच्या चौपाटीवर झाले. आमच्याकडे हा दिवस खरे तर ५ तारखेलाच सुरू होतो. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या स्थानकांवर संध्याकाळपासून पांढऱ्या लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, कडेवरची पोरे आणि भाकरी बांधलेली फडकी घेतलेली माणसे गाडीची वाट पाहत बसलेली असतात. परतताना त्यांच्या पिशव्या जड झालेल्या असतात, कारण चैत्यभूमीच्या परिसरातून पुस्तक घेतल्याशिवाय यायचे नाही, असा पुष्कळ घरांचा नेम आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा दरवर्षी ७ तारखेला गैरहजर असे आणि ८ तारखेला येताना नवे पुस्तक दाखवायला आणी. त्याच्या हजेरीचा तो खाडा मी कधी मनावर घेतला नाही. खान्देशाशी बाबासाहेबांचा प्रत्यक्ष संबंधही आहे. १९३७ साली ते एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम लळिंगच्या डोंगरातील लांडोर बंगल्यात होता. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी लोक जुलैअखेर तेथे जमतात. पण तो जुलैचा दिनविशेष झाला.

बाबासाहेबांनंतर बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबा गेले. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात त्यांच्यासमोर मी गावाचे नाव लिहिलेले नाही. ‘अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ’ असे लिहिले आहे, कारण ज्या माणसाने आयुष्यभर कोणत्याच गावी फार दिवस मुक्काम केला नाही, त्याचा शेवटही प्रवासातच झाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली होती. ही एक नोंद कळली, म्हणजे त्या चौदा दिवसांकडे केवळ पंचांगातला योगायोग म्हणून पाहवत नाही. २० डिसेंबरला आमच्या शाळेत मुलांकडून मैदान झाडून घेण्याची पद्धत होती. झाडलेले मैदान २१ तारखेला पुन्हा होते तसेच होई, हे सांगायला नको.

१३ डिसेंबरला लिहायचे नाव माझ्या पिढीला लिहिताना जड जाते. स्मिता पाटील १९८६ साली मुंबईत गेल्या, वय अवघे एकतीस. २८ नोव्हेंबरला मुलगा झाला आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून त्या वाचल्या नाहीत. जन्म पुण्याचा, कारकीर्द मुंबईची, तरी खान्देशात त्यांच्या नावापुढे ‘आपल्या शिरपूरची’ हे शब्द आपोआप येतात. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, राज्याचे मंत्री राहिलेले, आणि आई विद्याताई समाजकार्यात. दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी श्याम बेनेगल यांनी हेरली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोन चित्रपटांसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, १९८५ साली पद्मश्रीही मिळाली. ‘जैत रे जैत’मधली तिची ठाकरीण पाहताना आमच्याकडच्या बायकांना ती नटी वाटली नाही, असे माझी थोरली बहीण सांगते, अक्का स्वतः कपाशी वेचणारी होती आणि तिच्या मते या मुलीला ओझे डोक्यावर घेऊन चालणे खरोखर येत होते. त्या चित्रपटाची गाणी लिहिणारे ना. धों. महानोर पळासखेड्याचे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचे आमचे शेजारीच. स्मिता पाटील गेल्यानंतरही त्यांचे नवे चित्रपट लागत राहिले. ‘मिर्च मसाला’ १९८७ साली पडद्यावर आला, तेव्हा आम्ही जळगावच्या थिएटरात जे पाहत होतो ते माणूस दोन महिन्यांपूर्वीच गेलेले आहे, हे ठाऊक असूनही कोणी ते बोलून दाखवले नाही. बेनेगलही पुढे डिसेंबरातच गेले, २३ डिसेंबर २०२४ रोजी, मुंबईत. वहीत ही दोन नावे एकाच पानावर आली आहेत.

बाकीचा महिना तिसऱ्या रकान्याच्या दृष्टीने एकसुरी आहे. ११ डिसेंबर १९८७, जी. ए. कुलकर्णी, पुणे. १२ डिसेंबर २०१५, शेतकरी संघटनेचे शरद जोशी, पुणे. १४ डिसेंबर १९७७, ग. दि. माडगूळकर, पुणे. १७ डिसेंबर २०१९, डॉ. श्रीराम लागू, पुणे. जी. एंचे बहुतेक आयुष्य धारवाडात गेले, जोशी साताऱ्याचे, माडगूळकर माणदेशातले, तरी शेवटी सगळ्यांच्या पुढे एकच शब्द. कोठलाही माणूस मोठा झाला की पुण्यास जातो आणि तेथेच संपतो, असा माझा समज या पानांनी होत चालला होता; तो ३१ तारखेने मोडला.

३१ डिसेंबरला आमच्या भागात कोणाला पुण्यतिथी आठवणे कठीण असते. गुलाबी थंडी पडलेली असते, शेतात दादर ज्वारी उभी असते, आणि भरताची हिरवी वांगी बाजारात अशी येतात की माणसाने दुसरी भाजी घेऊच नये. त्या रात्री मळ्यामळ्यांत कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जातात, हिरवी मिरची आणि कांद्याची पात ठेचली जाते आणि पुऱ्यांवर पुऱ्या उठतात. अशा एका संध्याकाळी, १९२६ साली, नव्हे नव्हे, संध्याकाळ होती की पहाट याची खात्री नसताना तसे लिहू नये. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी पुराव्याशिवाय केलेले असले विधान चालवून घेतले नसते. १९२६ सालच्या या तारखेला इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यात वारले. मला एका वर्षी मोबाईलवर आलेल्या संदेशात ठिकाण ‘पुणे’ असे होते आणि मी तेच फळ्यावर लिहिले होते, ही माझ्या डिसेंबरातली दुसरी मोठी खोडाखोड.

राजवाडे डेक्कन कॉलेजात शिकलेले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० साली स्थापना करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांनी काढलेल्या खंडांची संख्या बावीस भरते आणि त्यातला पहिला खंड १८९८ चा आहे. पत्नी तरुणपणीच वारली, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. स्वयंपाक हाताने करायचा, अंगावर बेताचे कपडे, आणि जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर पडलेल्या मोडी कागदांचा पत्ता लागला की पायपीट करत ते गाव गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. इंग्रजी उत्तम येत असून लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. स्वभाव मात्र जमदग्नीचा. ज्या मंडळाचे ते संस्थापक, त्याच मंडळाशी त्यांचे फाटले आणि आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास येऊन राहिले. धुळे त्या वेळी अगदीच कोरडे गाव नव्हते. रामदासी हस्तलिखिते जमवण्यात आयुष्य घातलेले शंकर श्रीकृष्ण देव तेथे होते, भास्कर वामन भटांसारखे इतिहासाचे वेड असलेले लोक होते. राजवाडे तेथे मराठी धातूंचा कोश रचण्याच्या कामात होते. ते काम हातात असतानाच ते गेले आणि धुळेकरांनी पुढच्याच वर्षी, १९२७ साली, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले. त्यांचे कागद सांभाळले, तो कोश कृ. पां. कुलकर्ण्यांकडून संपादून छापलाही. एका रागावून आलेल्या पाहुण्याच्या अर्धवट कामाची एवढी काळजी गावाने घेतल्याचे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

राजवाड्यांचे नाव लिहिताना मला घरची एक गोष्ट दरवेळी आठवते आणि ती येथे लिहून टाकतो. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल खादीत बांधलेला मोडी कागदांचा एक रुमाल होता. आजोबांच्या आजोबांकडे गावची काही वहिवाट होती, त्या वेळचे ते कागद असावेत. लहानपणी आम्ही भावंडांनी तो एकदा सोडला होता. आत कागद नव्हते, वाळवीने केलेली चाळण होती. वरची दोन पाने तेवढी शाबूत होती आणि त्यांवर काळ्याभोर शाईची, एकही अक्षर न तोडता ओढलेली लांबच लांब ओळ होती. ती अक्षरे घरात कोणालाच वाचता येत नव्हती. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत आईने तो सगळा गठ्ठा पाणी तापवायच्या बंबात घातला, आणि त्यात तिची चूक होती असेही म्हणता येत नाही. पुढे साधनांचे खंड पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा माझ्या लक्षात आले, की असल्याच माळ्यांवरून, असल्याच रुमालांतून हा माणूस पानिपतच्या काळातली पत्रे काढत होता, आणि आमच्या घरापर्यंत पोहोचायला त्याला एकदोन पिढ्यांचा उशीर झाला. ३१ डिसेंबर २०२६ रोजी त्यांना जाऊन शंभर वर्षे पूर्ण होतात.

त्याच तारखेसमोर वहीत आणखी एक नाव आहे आणि तेही बाहेरून आलेल्याचेच. कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे केकी मूस, २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत पारशी कुटुंबात जन्मले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगावात गेले. आईवडिलांचे चाळीसगावात दुकान होते. मुलगा इंग्लंडात कला आणि छायाचित्रण शिकून परत आला आणि स्टेशनाजवळच्या त्या घरात जो शिरला तो जवळजवळ पाच दशके बाहेर पडलाच नाही, पडला असेल तर बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. घरात बसून त्यांनी टेबलावर लहान लहान देखावे मांडले आणि त्यांची छायाचित्रे काढली. छायाचित्र पाहताना समोर डोंगर, पायवाट, झाडे, वस्ती आहे असेच वाटते, आणि हे सगळे हातभर रुंदीच्या टेबलावर मांडलेले आहे असे सांगितल्यावर माणूस चित्राच्या अधिक जवळ जातो आणि मग मात्र त्याला काहीच दिसत नाही, नुसता करडा पांढरा रंग दिसतो. मी स्वतः त्यांच्या कलादालनात एका चित्राजवळ असा इतका वाकलो होतो की काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली. चित्रे, मातीच्या मूर्ती, कागदाच्या घड्यांची कामे, सगळे त्या एका घरात झाले. बाहेरच्या जगातून बक्षिसे येत राहिली. घ्यायला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

ते घराबाहेर का पडले नाहीत, याची चाळीसगावात सर्वमान्य झालेली एक कथा आहे. मुंबईतील एका मैत्रिणीने पंजाब मेलने येण्याचे वचन दिले होते, म्हणून रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला ते घराचे दार उघडे ठेवत आणि दोन माणसांचे ताट वाढून ठेवत, असे सांगतात. कथा गोड आहे आणि गोड कथांनी माणसाचे काम झाकले जाते, ही माझी तक्रार आहे. शाळेच्या सहलीत मुलांना कलादालन दाखवले तेव्हा घरी जाऊन त्यांनी सांगितले ते पंजाब मेलचे. टेबलावरच्या डोंगरांबद्दल एकाच मुलीने विचारले, की दिवा कोणत्या बाजूला ठेवत असतील. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते. मात्र एक गंमत मी वहीच्या समासात लिहून ठेवली आहे: पंजाब मेल ही गाडी सुरू झाली तीही १९१२ सालीच, जूनच्या पहिल्या तारखेला, म्हणजे ती मूस यांच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ३१ डिसेंबरला मी फळ्यावर सुविचार लिहिला नाही. त्या जागेत दोन ओळी बसवल्या: ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, १९२६, धुळे’ आणि ‘छायाचित्रकार केकी मूस, १९८९, चाळीसगाव’. मधल्या सुटीत नववीतली दोन मुले फळ्यासमोर उभी राहून वाद घालत होती. एकाचे म्हणणे होते की मूस हे आडनाव आपल्याकडचे नाही, तेव्हा सरांनी गाव चुकवले असणार. आप्पा तेव्हा सेवेत नव्हते, नाहीतर त्यांनी निकाल दिला असता. मी स्टाफरूममधून वही आणली, डिसेंबरचे पान काढले आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले.